स्नायूंची नावे आणि त्यांची कामे : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

ओरिजिन आणि इन्सर्शन (स्नायू हाडाला चिकटतो ती दोन टोके), नर्व्ह सप्लाय (त्याला चालवणारी नस), ॲक्शन (त्याचे काम). स्नायू पाठ करणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत हे चार रकाने असतात आणि त्यांच्या डावीकडे नाव. पाचही गोष्टी एका ओळीत लिहिल्या जातात, म्हणून त्या सारख्याच पक्क्या असाव्यात असा समज होतो. पण बहुतेक मोठे स्नायू हाडाला कुठे चिकटतात हे सतराव्या शतकापर्यंत बऱ्यापैकी नक्की झाले होते, नावांची एक यादी व्हायला १८९५ साल उजाडले आणि ॲक्शनच्या रकान्यातली खाडाखोड तर अजूनही चालू आहे. नावात काम सांगावे की न सांगावे, हा वाद या तफावतीतूनच आला.

प्राचीन काळ इथे थोडक्यात. सुश्रुतसंहितेत ५०० पेशी मोजल्या आहेत (तिथे पेशी म्हणजे आपण आज म्हणतो तो स्नायू): ४०० हातापायांत, ६६ धडात आणि ३४ मानेपासून वर. त्या पाहण्याची रीतही दिली आहे. मृतदेह पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सात रात्री कुजू द्यायचा आणि मग वाळा, केस किंवा बांबूच्या कुंचल्याने थर खरवडत जायचे. पेशींची संख्या आणि प्रदेश यांत येतो, पण प्रत्येकीला वेगळे नाव नाही. दुसऱ्या शतकात रोमन साम्राज्यातल्या एका ग्रीक वैद्याने माकडांची विच्छेदने करून स्नायूंवर भरपूर लिहिले. त्याच्याकडेही थोडीच स्वतंत्र नावे होती. बाकीचे स्नायू कोणता अवयव हलवतात त्यावरून आणि क्रमाने सांगितलेले.

१५४३ साली बाझलमध्ये छापलेल्या प्रसिद्ध सचित्र ग्रंथानेही हीच रीत ठेवली. त्यातले कातडे सोललेले, डोंगरदऱ्यांच्या पुढ्यात उभे असलेले देह आजही शिकवताना वापरले जातात. चित्रे अप्रतिम आहेत, पण मजकुरात स्नायू येतात ते ‘दंड हलवणाऱ्यांपैकी दुसरा’, ‘मांडी हलवणाऱ्यांपैकी पाचवा’ असे. दुसऱ्या लेखकाने तोच भाग वेगळ्या क्रमाने उलगडला, किंवा एका स्नायूचे दोन मानले, की सगळे आकडे सरकायचे. या घोटाळ्यावरचा पहिला मोठा उपाय पॅरिसच्या एका शिक्षकाने केला. त्या सचित्र ग्रंथाचा लेखक त्याचाच विद्यार्थी होता, आणि त्या ग्रंथाचा सर्वांत कडवा विरोधकही हा शिक्षकच. त्याने स्नायूंना नावे द्यायला सुरुवात केली. पुढे १६०० च्या आसपास बाझलमधल्याच एका प्राध्यापकाने या कामाला नियम घातला. आकार, जागा, तंतूंची दिशा, डोक्यांची (सुरुवातीच्या फाट्यांची) संख्या, दोन टोकांचे हाड किंवा काम, यांपैकी काहीतरी धरून नाव ठेवायचे आणि क्रमांक सोडून द्यायचे. डेल्टॉइड (त्रिकोणी), बायसेप्स (दोन डोक्यांचा), रेक्टस (सरळ), ऑब्लिक (तिरका), लेव्हेटर (उचलणारा) ही आज सवयीची झालेली जातकुळी या नियमातली आहे.

अठराव्या शतकात यादी घासूनपुसून लख्ख झाली. लायडनमध्ये १७३४ साली स्नायूंचा तपशीलवार इतिहास आणि १७४७ साली त्याला साजेशा भव्य चित्रांचा संच निघाला. त्यातल्या एका देहामागे गेंडा उभा आहे, तो काढल्याबद्दल चित्रकाराला टीकाही सोसावी लागली. मात्र त्या स्नायूंच्या रेखाटनातली अचूकता आजही थक्क करते. १७८९ साली फ्रान्समध्ये प्रत्येक स्नायूचे नाव त्याच्या दोन टोकांवरूनच ठेवावे असा प्रस्ताव आला. माझ्या मते इतक्या शतकांतली ही सर्वांत प्रामाणिक सूचना होती, कारण टोके डोळ्यांनी दिसतात. पण नावे लांबलचक झाली आणि योजना मागे पडली. त्या धाटणीची स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइडसारखी नावे मात्र आज यादीत सुखाने नांदतात.

नावे पाठ करण्याच्या दृष्टीने एकोणिसाव्या शतकातला एक बदल फार महत्त्वाचा आहे. तोवर चित्रात स्नायूंवर अक्षरे किंवा आकडे असत आणि त्यांचा अर्थ बाजूच्या यादीत शोधावा लागे. १८५८ साली लंडनमध्ये निघालेल्या एका पाठ्यपुस्तकात नाव थेट स्नायूवरच छापले गेले. पाहणे आणि नाव वाचणे एकाच वेळी होऊ लागले. त्यामुळे नाव आणि जागा यांची गाठ पक्की झाली, आणि नावात कामाचा उल्लेख असेल तर ते कामही न तपासता त्या गाठीत बांधले गेले.

१८८० च्या दशकापर्यंत युरोपात परिस्थिती अशी होती की सुमारे ५,००० रचनांसाठी ५०,००० च्या आसपास नावे वापरात होती. देशागणिक, विद्यापीठागणिक नाव वेगळे. जर्मन भाषक शरीररचनाकारांच्या संघटनेने समिती नेमली, काही वर्षे काथ्याकूट झाला आणि १८९५ मध्ये बाझल इथल्या बैठकीत लॅटिन नावांची यादी संमत झाली. एका रचनेला एकच नाव, नाव शक्य तितके लहान, व्यक्तींची नावे टाळायची, हे नियम सगळ्यांना पटण्यासारखे होते. त्यांच्याच जोडीला आणखी एक तत्त्व होते आणि वाद त्याच्यावर आहे. नाव ही निव्वळ स्मरणखूण असावी, त्याने रचनेचे वर्णन करण्याचा किंवा तिच्याविषयीचा एखादा तर्क सांगण्याचा दावा करू नये, असे ते तत्त्व.

हे तत्त्व दिसते तितके रुक्ष नाही. समितीपुढे ताजी उदाहरणे होती. हाताच्या अंगठ्याकडच्या कडेने दंडाच्या खालच्या भागापासून मनगटाकडे जाणारा जो ठसठशीत स्नायू आहे, त्याला जुन्या पुस्तकांत सुपायनेटर लाँगस म्हणत. नावाचा अर्थ सरळ होता, तळहात वर वळवणारा लांब स्नायू, आणि पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी त्याची ॲक्शन तीच लिहिली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एका फ्रेंच डॉक्टरने जिवंत माणसाच्या त्वचेवरून विजेचा प्रवाह देऊन एकेक स्नायू आकसवून पाहिला. १८६२ साली त्याने चेहऱ्यावरचे आणि १८६७ साली सर्व शरीराच्या हालचालींवरचे ग्रंथ प्रसिद्ध केले. या स्नायूला प्रवाह दिला की कोपर वाकते. हात आधी पूर्ण उताणा असेल तर हा स्नायू त्याला मधल्या स्थितीकडे, म्हणजे नावाच्या नेमक्या उलट दिशेने आणतो. १८९५ च्या यादीत त्याचे नाव ब्रॅकिओरेडिॲलिस झाले, दंड आणि रेडियस (अग्रबाहूतले अंगठ्याकडचे हाड) यांना जोडणारा. दोन टोकांवरून नाव ठेवण्याची जी पद्धत शंभर वर्षांपूर्वी नाकारली होती, ती इथे कामी आली.

इथवर समिती बरोबर होती, असे मी ठामपणे म्हणेन. अडचण पुढे आहे. तिने तत्त्व मांडले पण शेकडो जुनी नावे तशीच ठेवली, कारण प्रचारात असलेले नाव शक्यतो बदलायचे नाही हीही तिची भूमिका होती. परिणामी फ्लेक्सर (वाकवणारा), एक्स्टेन्सर (सरळ किंवा मागे करणारा), ॲडक्टर (शरीराकडे ओढणारा), लेव्हेटर, टेन्सर (ताणणारा), प्रोनेटर (तळहात पालथा करणारा), सुपायनेटर अशी कामाचा थेट दावा करणारी नावे यादीत राहिली. समितीच्या मते त्या खुणा. शिकणाऱ्याच्या डोळ्यांना मात्र त्या व्याख्याच दिसतात. शिकवणारेही सर्रास सांगतात की नाव फोडा, ॲक्शन आपोआप निघेल.

एक्स्टेन्सर कार्पी रेडिॲलिस लाँगस हे नाव त्या दृष्टीने आदर्श वाटते. मनगट, रेडियसची बाजू, मागे वळवणे, लांब, सगळे त्यात आहे. पण मूठ आवळून पाहा. बोटे मिटत असताना कोपराजवळ अग्रबाहूच्या मागच्या बाजूवर दुसरा हात ठेवला तर मनगटाचे एक्स्टेन्सर टणक झालेले हाताला लागतात. ते मनगट मागे धरून ठेवतात, नाहीतर बोटांच्या फ्लेक्सरची पकड ढिली पडते. म्हणजे रोजच्या वापरात या स्नायूंचे मोठे काम पकडीचे आहे, आणि नावात पकडीचा मागमूस नाही. बायसेप्सच्या नावात फक्त दोन डोकी आहेत. कोपर वाकलेले असताना तळहात उताणा करणारा सर्वांत जोरकस स्नायू तोच, आणि सुपायनेटर हे नाव मिरवणारा छोटा स्नायू त्याच्या मानाने दुबळा. गालावरच्या रायसोरियसच्या नावात हसणे आहे. हसताना ओठाचे कोपरे वर खेचणारा मुख्य स्नायू मात्र झायगोमॅटिकस मेजर. विजेच्या प्रयोगांनी हेही दाखवून दिले होते.

विजेची पद्धत तरी निर्णायक होती का? नाही. ती एका स्नायूला एकटे काम करायला लावते आणि जिवंत शरीरात स्नायू असे एकेकटे क्वचितच चालतात. खुर्चीतून उठताना मांडीच्या पुढचे आणि मागचे, एकमेकांच्या विरुद्ध मानलेले स्नायू एकाच वेळी आकसतात, हे कोडे १९०३ मध्येच मांडले गेले होते. स्नायूंमधली विद्युत हालचाल नोंदवणारी इलेक्ट्रोमायोग्राफी १९४० च्या दशकात हालचालींच्या अभ्यासात वापरात आली आणि कोणता स्नायू नेमका कधी जागा होतो हे दिसू लागले.

खांद्याचे उदाहरण याबाबतीत बोलके आहे. हात बाजूला उचलताना पहिले १५ अंश सुप्रास्पायनेटस (खांद्याच्या फऱ्याच्या वरच्या भागातला छोटा स्नायू) आणि पुढे डेल्टॉइड (खांद्यावरचा मोठा स्नायू), हे वाक्य परीक्षेत अजून लिहिले जाते. १९४४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या खांद्याच्या अभ्यासात दोघेही सुरुवातीपासून एकत्र काम करताना आढळले. नंतर सुप्रास्पायनेटसची नर्व्ह बधिर करून केलेल्या प्रयोगांतही माणसांनी हात पहिल्या अंशापासून उचलला, फक्त जोर आणि दम कमी पडला. इतके होऊनही ‘१५ अंश’ पुस्तकांतून हटत नाही. सुटसुटीत वाक्य पाठ व्हायला सोपे असते आणि तपासणाऱ्यालाही तेच सोपे जाते, याखेरीज मला याचे दुसरे कारण दिसत नाही. शिकणाऱ्याचे यात खरे नुकसान होते. पुढे रुग्णाचा खांदा तपासताना तो त्या १५ अंशांवर विसंबतो.

ओरिजिन आणि इन्सर्शन या जोडीचीही गत काहीशी अशीच आहे. स्थिर टोक ते ओरिजिन, हलते ते इन्सर्शन, अशी फोड केली जाते. लॅटिसिमस डॉर्साय हा पाठीचा रुंद स्नायू हात खाली आणि मागे ओढतो, हे हात मोकळा असताना. हात वरच्या दांडीला घट्ट धरलेले असतील तर तोच स्नायू धड वर खेचतो आणि स्थिर टोक बदलते. म्हणून आता कित्येक पुस्तके दोन्ही टोकांना नुसते अटॅचमेंट म्हणतात, धडाच्या जवळचे आणि दूरचे. हा बदल स्वागतार्ह आहे. परीक्षेच्या रकान्यांत मात्र तो अजून पुरता उतरलेला नाही.

१८९५ नंतर याद्यांच्या आवृत्त्या निघत राहिल्या. इंग्लंडमध्ये १९३३ साली बर्मिंगहॅमला आणि जर्मनीत १९३५ साली येनाला वेगवेगळ्या दुरुस्त्या झाल्या आणि दोन वाटा फुटल्या. १९५५ मध्ये पॅरिसला जागतिक परिषदेने पुन्हा बरीचशी बाझलची यादी पायाभूत धरली. १९९८ च्या यादीत पायाच्या बाहेरच्या बाजूच्या पेरोनियस स्नायूंना फिब्युलॅरिस या नावाने पुढचे स्थान मिळाले. पेरोनियल आणि पेरिनियल (जननेंद्रिये आणि गुदद्वार यांच्या भागाचा) या दोन शब्दांतला घोटाळा टळावा हे त्यामागचे एक कारण. जुने नाव पर्याय म्हणून राहिले, आणि अनेक दवाखान्यांत आजही तेच ऐकू येते. २०१९ मध्ये आणखी एक सुधारित यादी आली.

याच काळात पाहण्याची साधनेही बदलली. १८९० च्या दशकात फॉर्मॅलिन वापरात आल्यावर देह महिनोन्‌महिने टिकू लागला आणि विच्छेदन सावकाश, थराथराने करता येऊ लागले. १९९४ साली अमेरिकेतल्या एका सरकारी वैद्यकीय ग्रंथालयाने एका पुरुषदेहाच्या १ मिलिमीटर अंतराने घेतलेल्या छेदांची छायाचित्रे खुली केली, आणि पुढच्या वर्षी स्त्रीदेहाची, ०.३३ मिलिमीटर अंतराने. स्क्रीनवर फिरणाऱ्या त्रिमितीय देहांच्या घडणीत या छायाचित्रांचा मोठा वाटा आहे. स्नायूची जागा शिकण्यासाठी त्यांच्याइतके चांगले साधन पूर्वी कधी नव्हते. ॲक्शन दाखवताना मात्र ही ॲप्ससुद्धा बहुधा एकच स्नायू रंगवून एकच हालचाल करून दाखवतात.

जागांच्या बाबतीतही नवे काही निघत नाही असे नाही. २०१६ मध्ये मांडीच्या पुढच्या चार डोक्यांच्या स्नायूत आणखी एका भागाचे वर्णन झाले. २०२१ मध्ये बाझलच्या संशोधकांनी जबडा आवळणाऱ्या मॅसेटर स्नायूचा एक खोलवरचा थर स्वतंत्र म्हणून मांडला आणि तो जबड्याच्या ज्या कोरोनॉइड टोकाला चिकटतो त्यावरून त्याला नाव सुचवले. हा थर जबडा मागे खेचत असावा असे त्याच्या तंतूंच्या मांडणीवरून त्यांनी म्हटले आहे. सुचवलेल्या नावात मात्र त्या कामाचा उल्लेख नाही.