कुलवृत्तांतात नसलेल्या आत्या

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत अजूनही एखादा कुलवृत्तांत जपलेला असतो. होळकरांच्या पदरी आलेला मूळ पुरुष, त्याचे मुलगे, नातू, पणतू, सगळे ओळीने. मुलींच्या वाट्याला मात्र फार तर 'अमक्या घराण्यात दिली' एवढंच. लग्नात नावही बदलायचं, म्हणजे इथली कुसुम देवासला सुशीला झाली की धागाच तुटला. कशाने गेली? 'आजारी होती.' छातीतल्या गाठीबद्दल कुणी मोठ्याने बोलत नसे.

स्तनाच्या कर्करोगाच्या आनुवंशिकतेचा इतिहास नेमका अशा हरवलेल्या बायकांना शोधण्याचा आहे. पॅरिसचे शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी १८६६ मध्ये बायकोच्या घराण्यातल्या चार पिढ्यांच्या नोंदी छापल्या आणि हा रोग घराण्यात उतरतो, असं मांडलं. का उतरतो, हे त्यांना सांगता येणं शक्य नव्हतं. मेंडेलचा वाटाण्यांवरचा निबंध त्याच वर्षी छापून आला होता, पण त्याकडे लक्ष कुणाचं होतं!

पुढचं शतक बरंचसं चाचपडण्यात गेलं. अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग यांनी सत्तरच्या दशकात या कामाला हात घातला, तेव्हा एकाच जनुकाने एवढा गुंतागुंतीचा रोग होत असेल, हे बहुतेकांना पटत नव्हतं. त्यांनी २३ कुटुंबं वयानुसार लावली: ज्यांच्या घरच्या बायकांना तरुणपणी रोग झाला ती आधी. मग जे सगळ्या घरांच्या गर्दीत दिसत नव्हतं ते दिसलं. १९९० मध्ये १७ व्या गुणसूत्रावरची त्या जनुकाची जागा नक्की झाली. १९९४ मध्ये बीआरसीए-१ हे जनुक हाती लागलं, तर १३ व्या गुणसूत्रावरचं बीआरसीए-२ १९९५ मध्ये. पुढे मिरियड जेनेटिक्स या कंपनीने त्यांवर पेटंट सांगितलं. निसर्गातल्या डीएनएवर मालकी लागत नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने द्यायला जून २०१३ उजाडला.

'तिच्यात ते जनुक आहे' असं सर्रास म्हणतात, ते चूक आहे. बीआरसीए तुमच्या-माझ्यात सगळ्यांत असतं; तुटलेला डीएनए सांधणं हे त्याचं काम. त्याची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. एक मुळातच बिघडलेली आली आणि एखाद्या पेशीत दुसरीही गेली, की तिथली दुरुस्ती कोलमडते. २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासानुसार, बिघडलेलं बीआरसीए-१ असलेल्या बाईला ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के, बीआरसीए-२ बिघडलेलं असेल तर ६९. पण एकूण रुग्णांपैकी असा थेट वारसा ५ ते १० टक्क्यांतच सापडतो. बाकी बऱ्याच जणींच्या डीएनएत बारीकसारीक बदल असतात. एकेकटा नगण्य, पण त्यांची बेरीज होते. २००७ पासून तेही मोजले जाऊ लागले. तरी जगातल्या नोंदी मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या, त्यामुळे आपल्याकडच्या जनुक-चाचणीच्या अहवालात एखाद्या बदलापुढे 'अर्थ अनिश्चित' असा शेरा जास्त वेळा येतो.

डॉक्टर विचारतात, 'घरात कुणाला होता का?' आपण आईकडचं सांगतो: आजी, मावशी. वडिलांकडचं कुणी आठवतच नाही. पण बिघडलेली प्रत वडिलांकडूनही तितक्याच सहज येते, आणि ते स्वतः बहुधा ठणठणीत असतात. आमच्याकडे थोरल्या आत्याचं माहेरचं नाव आणि तिचं आजारपण कितव्या वर्षी सुरू झालं, हे विचारायला देवासला फोन करावा लागला. बेचाळिसाव्या, असं तिच्या सुनेने सांगितलं. कुलवृत्तांतात ती नव्हतीच.