न फिरणाऱ्या बेअरिंगची झीज

लांबच्या प्रवासाला निघालेल्या मोटारसायकलचे चाक ताशी 90 किलोमीटर वेगाला मिनिटात सातशे-आठशे फेरे घेते, आणि ते पेलणारी बेअरिंगे वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतात. हँडलखाली, गाडीच्या गळ्यात बसवलेली बेअरिंगांची जोडी मात्र जन्मात कधी एक पूर्ण फेरासुद्धा घेत नाही, आणि पुष्कळदा तीच आधी खराब होते. ती खराब होते ती कमी फिरते म्हणूनच, हे गॅरेजमध्ये सांगितले तर लोक जरा चमत्कारिक नजरेने पाहतात.

कोल्हापुरातल्या एका गॅरेजमध्ये मित्राची 400 सीसीची टूरिंग गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी केले, तेव्हा मिस्त्रींनी हँडलला एका बोटाने हलका धक्का दिला. निरोगी गाडीचे हँडल अशा वेळी आपल्या वजनाने एका बाजूला सावकाश पडत जाते. हे हँडल बरोबर मध्यावर आले आणि ‘टक्’ करून थांबले, जणू कुणी तिथे चुंबक ठेवला होता. “कोनसेट गेलाय साहेब. लडाख करून आलात ना? खड्ड्यांनी खाल्लाय,” असे निदान त्यांनी तत्क्षणी केले. निदानाचा पहिला भाग शंभर टक्के बरोबर होता. दुसऱ्याबद्दल मला शंका होती.

गॅरेजच्या भाषेत ज्याला कोनसेट म्हणतात, त्याची रचना साधी आहे. पुढचे चाक धरणारा चिमटा, म्हणजे फोर्क, वरच्या आणि खालच्या ‘टी’मध्ये, म्हणजे चिमट्याच्या दोन्ही नळ्या एकत्र धरणाऱ्या आडव्या पट्ट्यांमध्ये, आवळलेला असतो; खालच्या टीमधून निघालेली दांडी चासीच्या पुढच्या नळीतून वर जाते, आणि त्या नळीच्या दोन्ही तोंडांशी एकेक बेअरिंग असते. प्रत्येक बेअरिंगमध्ये नळीत ठोकून बसवलेली एक वाटी, दांडीवरचा एक कोन (इंग्रजीतला ‘cone’, म्हणजे निमुळते कडे) आणि दोघांच्या मध्ये पोलादी छर्रे किंवा निमुळते रोलर असतात. दोन बेअरिंगांमधले अंतर बहुतेक गाड्यांत जेमतेम वीतभर भरते. जमिनीपासून खालच्या बेअरिंगपर्यंत पाऊण मीटर आणि दोन बेअरिंगांमध्ये 20 सेंटिमीटर धरले, तर तरफेच्या हिशेबाने टायरवर दांडीला आडवे लागणारे बळ खालच्या बेअरिंगपर्यंत पोहोचेतो सुमारे पावणेपाच पट होते, आणि वरच्यावर ते उलट दिशेने पावणेचार पट होऊन बसते.

या बळाची दिशाही बदलत राहते, आणि ब्रेक दाबल्यावर येणाऱ्या ‘खट्’ आवाजाचे मूळ त्यात आहे. दांडी उभी नसून वरच्या टोकाला साधारण 25 अंश मागे कललेली असते, त्यामुळे गाडी सरळ चालली असताना जमिनीची वर ढकलणारी प्रतिक्रिया चिमट्याला किंचित पुढे रेटते. पुढचा ब्रेक जोरात लावला की टायरवरचे घर्षण त्याच चिमट्याला मागे ओढते आणि पुढच्या रेट्यावर मात करते. बेअरिंगमध्ये ढिलाई असेल तर तेवढ्या क्षणी दांडी एका बाजूची टेकण सोडून दुसऱ्या बाजूवर आदळते, आणि तो धक्का तळहातांना स्पष्ट कळतो.

आता छर्रे प्रत्यक्षात किती हलतात ते पाहू. महामार्गावर सरळ जाताना हँडल पूर्ण स्थिर नसते. दुचाकीचा तोल सांभाळला जातो तोच मुळी हँडलच्या अखंड चाललेल्या सूक्ष्म दुरुस्त्यांनी. पण या दुरुस्त्या फार तर एक-दोन अंशांच्या असतात. दांडीवरचा कोन दोन अंश फिरला तर छर्ऱ्यांची रांग त्याच्या निम्मी, म्हणजे एकच अंश सरकते, आणि वाटीची त्रिज्या 22 मिलिमीटर धरली तर प्रत्येक छर्रा 0.38 मिलिमीटर पुढे जाऊन परत येतो. छर्रा वाटीवर टेकतो ती जागादेखील घरंगळण्याच्या दिशेने काही दशांश मिलिमीटरच रुंद असते. म्हणजे पुण्याहून दिल्लीपर्यंत गाडी हाकली, तरी मधले यू-टर्न आणि पार्किंग सोडले तर छर्रा आपल्या पावलाच्या ठशाबाहेर फारसा पडतच नाही.

चाकाच्या बेअरिंगमध्ये प्रत्येक छर्रा वेगाने घरंगळताना समोरचे तेल ओढून आपल्याखाली घेतो आणि धातू धातूला टेकू देत नाही. हँडलच्या बेअरिंगमध्ये हा वेग नसतो. जागच्या जागी डुलणारा छर्रा ग्रीस दोन्ही बाजूंना सारतो, आणि एकदा बाजूला गेलेले ग्रीस परत आत आणायला तिथे काहीच नसते. मग इंजिनाची आणि रस्त्याची थरथर सुरूच असताना पोलाद पोलादावर घासते, सूक्ष्म कण सुटतात, हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन त्यांची तांबूस भुकटी बनते, आणि लोहाची ती ऑक्साइडे स्वतःच पॉलिश पेपरसारखे काम करू लागतात. प्रत्येक छर्ऱ्याखाली एकेक खळगा तयार होतो. सगळे खळगे हँडल सरळ असतानाच्या जागी असल्यामुळे सगळे छर्रे एकाच वेळी त्यांत उतरतात, आणि तोच तो चुंबकी ‘टक्’.

या झिजेला अभियंते आभासी ब्रिनेलिंग म्हणतात, आणि नावामागे थोडा इतिहास आहे. स्वीडनचे योहान ऑगस्ट ब्रिनेल यांनी 1900 साली पोलादी गोळी धातूत दाबून तिच्या ठशावरून कठीणपणा मोजण्याची पद्धत मांडली. म्हणून जोराच्या आघाताने छर्रा वाटीत रुतून जो खळगा पडतो, ते खरे ब्रिनेलिंग. दिसायला तसाच, पण आघाताविना पडलेला खळगा अमेरिकेतल्या मोटार उद्योगाला 1930च्या दशकात फार छळत होता. कारखान्यातून रेल्वेच्या वाघिणींवर चढवून दूरच्या गावी पाठवलेल्या कोऱ्या मोटारी उतरवल्या, की त्यांच्या चाकांच्या बेअरिंगांवर ठसे उमटलेले असत. मोटारी एक मीटरही चाललेल्या नसत. फक्त थरथरलेल्या असत. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेतील जॉन आल्मेन यांनी 1937 साली या प्रकाराचा उलगडा करताना दोष वंगणाविना होणाऱ्या सूक्ष्म हालचालीवर ठेवला.

दोन्ही खळगे ओळखायला साधे भिंग पुरते. खऱ्या ब्रिनेलिंगमध्ये धातू नुसता दबलेला असतो, त्यामुळे कारखान्यात वाटी घासताना उमटलेल्या बारीक रेघा खळग्याच्या तळाशीही दिसतात. आभासी ब्रिनेलिंगमध्ये धातू निघूनच गेलेला असतो, म्हणून रेघा पुसलेल्या असतात आणि कडेला तांबडट-काळा थर बसलेला असतो. मित्राच्या गाडीची खालची वाटी रॉकेलने धुऊन पुसली, तेव्हा सारख्या अंतरावर लंबगोल, निस्तेज ठशांची माळ दिसली. नखाला खोली जाणवत होती, रेघा मात्र एकाही ठशात नव्हत्या, आणि ग्रीस वाळून गेरूच्या रंगाचे झाले होते. मिस्त्रींनी भिंगातून पाहिले आणि “हे तर गंजलंय,” एवढेच म्हणाले. त्यांचे म्हणणे रसायनशास्त्राच्या दृष्टीने चुकीचे नव्हते. कोकणातल्या पावसात नळीत शिरलेले पाणी, आणि त्याहून वाईट म्हणजे वॉशिंग सेंटरवर पाण्याचा जोरदार फवारा थेट गळ्यावर मारण्याची पद्धत, यांनी ग्रीस धुतले जाऊन ही क्रिया अधिक वेगाने होते. खड्डे निर्दोष आहेत असे नाही. पण ढिल्या कोनसेटमध्ये ते जास्त मारतात, आणि ढिलाई बहुधा झिजेतून आलेली असते.

खळगे पडलेले बेअरिंग घट्ट आवळून ‘टक्’ जात नाही, उलट वाढतो. स्वार ज्या अर्ध्या अंशाच्या दुरुस्त्या नकळत करतो त्या खळग्यात अडकतात, त्याला खळग्याबाहेर पडण्याइतका जोर लावावा लागतो, मग दुरुस्ती जास्त होते, आणि गाडी संथ लयीत डुलत चालल्यासारखी वाटते. ढिले बेअरिंग वेगळाच त्रास देते. ब्रिटिश संशोधक रॉबिन शार्प यांनी 1971 साली मोटारसायकलच्या स्थैर्याचे गणित मांडताना दोन कंपने वेगळी दाखवली: संपूर्ण गाडीचे संथ डुलणे आणि फक्त पुढच्या भागाचे, सेकंदाला अनेक वेळा होणारे थरथरणे. मागे पेट्या आणि सामान लादलेल्या टूरिंग गाडीत पुढच्या चाकावरचा भार हलका होतो, आणि वेग कमी होत असताना हात सैल सोडले की हे दुसरे कंपन हँडलमध्ये उमटू शकते. टायर, चाकाचा तोल आणि हवेचा दाब हेही त्यामागे असू शकतात, म्हणून ते आधी तपासावेत. कोनसेट उघडणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

बदलायचे ठरले, की छर्रे घ्यायचे की निमुळते रोलर, हा प्रश्न येतो. निमुळत्या रोलर बेअरिंगचे पेटंट घोडागाड्या बांधणाऱ्या हेन्री टिमकेन यांनी अमेरिकेत 1898 साली घेतले, कारण वळणावर गाडीचा भार आडवा येई आणि साधी बेअरिंगे तो पेलत नसत. छर्रा वाटीला जवळपास एका बिंदूत टेकतो, रोलर एका रेषेत. त्यामुळे तोच भार जास्त जागेवर पसरतो. लांब पल्ल्याच्या जड गाडीला मी रोलरच निवडीन. त्यांनी हँडल किंचित जड वाटते, ही तक्रार खरी आहे, आणि रोलरही ग्रीसविना राहिले तर त्यांच्याखाली खळग्यांऐवजी आडव्या रेघा पडतात.

जुनी वाटी नळीच्या आतून पहारेने आळीपाळीने ठोकून काढतात. ती अडून बसली, तर तिच्या आतल्या पृष्ठभागावर वेल्डिंगची एक फेरी मारतात. वेल्डिंग थंड होताना आकसते, वाटीलाही आत ओढते आणि वाटी हाताने निघते. नवी वाटी बसवण्याआधी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवतात. पोलाद दर अंशाला स्वतःच्या लांबीच्या दशलक्षांश 12 भागांनी आकसते, म्हणून 50 मिलिमीटर व्यासाची वाटी 28 अंशांवरून उणे 18वर नेली की 0.028 मिलिमीटरने लहान होते. केसाच्या जाडीहूनही हा फरक कमी आहे, पण घट्ट बसणाऱ्या वाटीसाठी तेवढाच फरक काम सोपे करतो. दांडीवरचा खालचा कोन उलट तापवून बसवावा लागतो, आणि तो 120 अंशांपलीकडे नेऊ नये, नाहीतर पोलादाचा कठीणपणा उतरू लागतो. गॅस कटरची ज्योत इथे नकोच.

रोलरच्या पिंजऱ्यात, म्हणजे रोलरांना ठरावीक अंतरावर धरणाऱ्या पत्र्याच्या कड्यात, ग्रीस बोटाने वरून फासणे पुरेसे नाही. तळहातावर गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत राहावे, म्हणजे दुसऱ्या बाजूने रोलरांच्या फटींतून ग्रीस बाहेर येते.

खरी कसोटी नट आवळण्यात आहे. दांडीच्या आट्यांचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर, अनेक गाड्यांवर एक मिलिमीटर असतो. म्हणजे हुक पान्याने नट 10 अंश फिरवला, तरी बेअरिंग 0.028 मिलिमीटर दाबले जाते, आणि ढिले व जाम यांतला फरक तेवढ्यात येतो. म्हणून आधी नट जास्त आवळून हँडल दोन्ही टोकांपर्यंत पाच-सहा वेळा फिरवतात, त्याने वाट्या तळाशी बसतात आणि जादा ग्रीस निघून जाते. मग नट सैल करून मॅन्युअलमधल्या कमी टॉर्कवर आणतात. वरची टी आणि मधला मोठा नट आवळला की दाब पुन्हा थोडा बदलतो, त्यामुळे शेवटची तपासणी सगळे जुळल्यावरच करायची. चिमट्याच्या नळीला स्प्रिंगचा वजनकाटा अडकवून हँडल कितीला हलू लागते ते पाहिले, तर अंदाजाला जागा उरत नाही. मित्राच्या गाडीवर पहिल्यांदा ओढ मॅन्युअलमधल्या आकड्याहून दुप्पट आली, कारण केबलांचा जुडगा हँडलला आडवा येत होता; तो सोडवल्यावर काटा जागेवर आला.

हजार किलोमीटरांनंतर गाडी पुन्हा स्टँडवर घेतली, तेव्हा ‘टक्’ नव्हता, पण ब्रेकला अगदी बारीक ‘खट्’ होता. वाट्या आणखी केसभर खाली बसल्या होत्या. नट 10 अंश फिरवावा लागला.