गरुड एकच का?

श्रावणातली उघडीप होती. कोकणातल्या आमच्या भातखाचराच्या बांधावरून मी आणि माझी चौथीतली भाची चाललो होतो. पाऊल टाकलं की गवतातून पाच-दहा नाकतोडे टणाटण उडायचे. खाचरात बेडकांचे डुबुक डुबुक आवाज. एका कडेला पाण्यातून पाणदिवड सळसळत गेली. आणि शेताच्या टोकाला, वठलेल्या ऐनाच्या झाडावर, तुरेवाला सर्पगरुड बसला होता. अगदी शांत, मान तेवढी वळवत.

भाची थांबली. म्हणाली, "मावशी, नाकतोडे एवढे सगळे, आणि गरुड एकच का गं?"

हा प्रश्न मला फार आवडला. पुस्तकात अन्नसाखळीचं चित्र असतं ना, त्यात एक रोप, एक नाकतोडा, एक बेडूक, एक साप आणि एक गरुड काढलेला असतो. सगळे एकेक. शेतात मात्र तसं कधीच दिसत नाही.

आधी त्या चित्रातल्या बाणाकडे नीट बघू या. बाण रोपाकडून नाकतोड्याकडे जातो, नाकतोड्याकडून बेडकाकडे. पुष्कळ मुलं तो उलटा काढतात, कारण त्यांना वाटतं की बाण म्हणजे 'कोण कोणाला खातं'. पण बाण सांगतो की अन्नातली ऊर्जा कुठून कुठे गेली. नाकतोडा बेडकाच्या पोटात गेला, म्हणून बाणही तिकडेच.

ही ऊर्जा मुळात येते सूर्याकडून. भाताचं हिरवं पान ऊन, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन साखर बनवतं. पानावर पडलेल्या उन्हातला साधारण शंभरातला एखादाच भाग असा साठवला जातो. तरी सगळ्या शेताचा संसार तेवढ्यावर चालतो.

आता एक खेळ करून बघा. विहिरीपासून घरापर्यंत पाच जण ओळीत उभे राहा. पहिल्याने ओंजळभर पाणी घ्यायचं, दुसऱ्याच्या ओंजळीत ओतायचं, त्याने तिसऱ्याच्या. शेवटच्याच्या हातात किती उरतं? ओला तळवा! अन्नसाखळीत असंच होतं. फरक एवढाच, की तिथे ऊर्जा सांडते ती जगण्यासाठी. नाकतोडा पान खातो, पण ते सगळं त्याच्या अंगी लागत नाही. काही न पचता विष्ठेतून बाहेर पडतं. बरंचसं उड्या मारण्यात, श्वास घेण्यात खर्च होतं आणि शेवटी उष्णता होऊन हवेत निघून जातं. ती उष्णता पुन्हा कोणाला खाता येत नाही. जे उरतं त्यातून नाकतोड्याचं शरीर बनतं, आणि बेडकाला मिळतं फक्त तेवढंच.

किती उरतं? ढोबळमानाने दहातला एक भाग. कुठे वीसातला एक, कुठे पाचातला एक. पण हिशेबाला दहा धरतात. समजा, नाकतोड्यांनी १०,००० किलो हिरवा पाला खाल्ला. त्यातून नाकतोडे होतील १,००० किलो. ते सगळे बेडकांनी खाल्ले तर बेडूक १०० किलो. त्यांच्यावर साप पोसले जातील १० किलो. आणि त्या सापांवर गरुड? १ किलो. एक पूर्ण वाढलेला सर्पगरुडही त्यात जेमतेम बसेल!

म्हणून तो ऐनावर एकटा होता.

ऊर्जेचा हा जमाखर्च नीट मांडणाऱ्या माणसाचं नाव रेमंड लिंडेमन. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सीडर बॉग नावाचं एक छोटंसं, उथळ तळं आहे. त्या तळ्यातल्या शेवाळापासून माशांपर्यंत कोणाकडे किती ऊर्जा जाते, हे त्याने अनेक वर्षं मोजलं. त्याचा लेख आधी तज्ज्ञांनी नाकारला होता. यात कल्पनाच जास्त आहेत, असं त्यांचं म्हणणं पडलं. शेवटी १९४२ साली तो छापून आला, पण लिंडेमनला तो बघता आला नाही. काही महिन्यांपूर्वीच, वयाची २७ वर्षंही पूर्ण व्हायच्या आत, आजारपणाने तो गेला होता. आज जगभरच्या शाळांत त्याचंच गणित शिकवतात. मला हे आठवलं की त्या मुलाबद्दल फार वाईट वाटतं.

परत आपल्या शेताकडे. तिथे खरं तर सरळ साखळी नसतेच, गुंतलेलं जाळं असतं. भात उंदीरही खातो, आणि उंदराला धामण खाते, गव्हाणी घुबडही खातं. मोठा बैलबेडूक तर हावरटच! मृगाच्या पहिल्या पावसात पिवळाधमक होऊन, गळ्याजवळच्या निळ्या पिशव्या फुगवून डराव डराव करणारा हाच. तो किडे, खेकडे, छोटे बेडूक, कधी उंदराचं किंवा सापाचं पिल्लूसुद्धा गिळतो. त्याची पाण्यातली पिल्लं इतर बेडकांच्या पिल्लांना खातात, आणि त्यांना खायला चतुराची अळी टपलेली असते. म्हणजे एकच प्राणी सकाळी शिकारी आणि संध्याकाळी शिकार.

या जाळ्यातला एक धागा माणसाने भराभर उपसला तर? आपल्या देशाने हे करून पाहिलं आहे. १९७० आणि ८० च्या दशकांत भारतातून दरवर्षी हजारो टन बेडकांच्या तंगड्या परदेशी हॉटेलांसाठी जात होत्या. फक्त मागचे पाय. बाकीचा बेडूक फेकून द्यायचा. त्यांत मुख्यतः हाच बैलबेडूक असे. बेडूक शेतातले किडे फुकटात खातो, तो गेला की किडे वाढणार आणि त्यांच्यासाठी विषारी औषधं विकत घ्यावी लागणार, असं निसर्गाचे अभ्यासक सांगत राहिले. अखेर १९८७ साली या निर्यातीवर बंदी आली. तरी पहिल्या पावसात बॅटऱ्या घेऊन बेडूक पकडायला निघणारी माणसं गोव्यात आणि कोकणच्या काही भागांत आजही आहेत. कायद्याने तो गुन्हा आहे. तुमच्या गावात कोणी तसं करताना दिसलं तर मोठ्यांना जरूर सांगा.

विषारी औषधाचं निघालं म्हणून आणखी एक सांगते, कारण ते आपल्या ओंजळीच्या खेळाच्या अगदी उलटं आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये क्लिअर लेक नावाचं सरोवर आहे. तिथे चिलटांचा त्रास फार. ती चावत नसत, पण थव्याने येत. १९४९ पासून ती मारायला पाण्यात डीडीडी नावाचं औषध टाकलं. हे डीडीटी या कीटकनाशकाचं भावंड. प्रमाण अगदी थोडं, पाण्याच्या दहा लाख भागांत फार तर ०.०२ भाग. पुढे काही वर्षांनी तिथल्या ग्रीब पक्ष्यांची मढी सापडू लागली. हे आपल्या तळ्यांतल्या टिबुकलीचे मोठे नातेवाईक. त्यांच्या चरबीत तेच औषध निघालं दहा लाखांत १,६०० भाग!

ऊर्जा प्रत्येक पायरीवर खर्च होते, हे विष होत नाही. ते पचत नाही, लघवीतून सहज बाहेर पडत नाही, चरबीत जाऊन बसतं. छोट्या जीवांनी ते पाण्यातून घेतलं, माशाने तसे हजारो जीव खाल्ले, पक्ष्याने तसे शेकडो मासे खाल्ले. प्रत्येक पायरीवर अन्न आटत गेलं आणि विष साठत गेलं. डीडीटीने तर अनेक शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं इतकी पातळ केली की उबवायला बसलेल्या आईच्याच वजनाने ती फुटत.

हे सगळं भाचीला सांगेपर्यंत आभाळ पुन्हा भरून आलं. सर्पगरुड पंख पसरून, शीळ घालत रानाकडे निघून गेला. बेडकांनी सूर धरला. ती म्हणाली, "मग बेडूक अंडी किती घालतो?"

म्हटलं, बैलबेडकाची मादी एका पावसाळ्यात हजारो.

"आणि गरुड?"

"वर्षाला बहुधा एकच."

ती बराच वेळ त्या रिकाम्या ऐनाकडे बघत राहिली.