देशी मेंढरं बघायला जायचं म्हणजे नेमकं कुठे? थोडी पार्श्वभूमी

हल्ली थंडी पडली की पुण्या-मुंबईकडची काही मंडळी शनिवार-रविवार धरून फलटण, माण, सांगोला, जत या पट्ट्यात मेंढरं बघायला जायला लागलीत. कुणाला मुलांच्या हातात कोकरू द्यायचं असतं, कुणाला घोंगडीचा माग बघायचा असतो, आणि काही जण तर घरी स्वतः चरख्यावर सूत काढतात म्हणून पोतंभर काळी लोकर घ्यायला जातात. याला सरसकट 'फार्म व्हिजिट' म्हणतात. पण ज्या जनावरासाठी एवढं लांब जायचं ते आपल्याकडे कधी फार्मवर राहिलेलंच नाही, ते वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या मुक्कामावर राहतं, आणि वाडा आज इथे असला तर चार दिवसांनी पुढच्या शिवारात असतो. एवढं डोक्यात ठेवलं की पुढची गुंतागुंत आपोआप कळत जाते.

वाड्यावर बाहेरचं माणूस येणं हे काही नवीन नाही. शेतकरी यायचा, मेंढरं बसवायचं ठरवायला. पीक निघालं की रानात वाघर (जाळीचं कुंपण) लावून चार-पाच रात्री कळप बसवायचा, लेंडी-मुताचं खत जमिनीला मिळायचं आणि बदल्यात ज्वारी-बाजरी, पुढे रोख पैसे. व्यापारी यायचा, विणकर यायचा लोकर न्यायला. म्हणजे पाहुणा कामाचा होता, नुसतं बघायला कुणी येत नव्हतं. खंडोबा आणि बानूची गोष्ट सगळ्यांना माहितीय, त्यात तर देवच मेंढरं राखायला वाड्यावर येऊन राहतो. त्या जुन्या काळात मी फार शिरत नाही. इंग्रजांच्या काळात दोन गोष्टी घडल्या तेवढ्या लक्षात ठेवायच्या. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर चराईला परवाना, फी, बंदी हे सगळं सुरू झालं, आणि १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा आला, पुढे उजवाही आला, आणि ज्या माळांवर मेंढरं फिरायची तिथे हळूहळू ऊस उभा राहिला. चराईचं ते घोंगडं तेव्हापासून भिजत पडलंय, अजून वाळलेलं नाही.

लोकरीचं मात्र बराच काळ बरं चाललं होतं. वर्षातून दोनदा कातरणी, एका मेंढीची एका वेळी पाव ते अर्धा किलो लोकर, म्हणजे दोन-तीन किलोची एक घोंगडी करायची तर आठ-दहा मेंढ्या कातरायला लागतात. लोकर निवडायची, पिंजायची, घरातल्या बायका चरख्यावर सूत काढणार, मग सगळं सूत उन्हात लांबच्या लांब ताणून त्याला चिंचोक्याची खळ द्यायची. हे काम मी जवळून बघितलंय. दोन बाजूंनी दोघं जण मोठा कुंचला घेऊन एका लयीत मागे-पुढे चालत असतात, हातभर मागे राहिलं तरी सूत चिकटतं म्हणून मध्ये कुणी बोलत नाही, आणि खळ वाळली की इतका वेळ मऊ असलेलं सूत तारेसारखं ताठ होतं. मग खड्ड्यातल्या मागावर विणकाम. रंग कुठलाच द्यायचा नाही, काळं ते काळं, पांढरं ते पांढरं. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ, त्याची घोंगडी सगळ्यात मऊ आणि सगळ्यात महाग.

हे मोडलं ते गेल्या चाळीसेक वर्षांत. सोलापुरी चादर होतीच, पण खरा फटका बसला पानिपतच्या स्वस्त ब्लँकेटचा, जुने कपडे फाडून, पिंजून त्यातून काढलेल्या धाग्याचं ते ब्लँकेट दुष्काळी गावातल्या आठवडी बाजारात सुद्धा घोंगडीच्या कितीतरी कमी पैशात मिळायला लागलं. मोठ्या गिरण्यांना ऑस्ट्रेलियाची बारीक लोकर हवी होती आणि १९९१ नंतर आयात आणखी सोपी झाली. आज अशी अवस्था आहे की बऱ्याच ठिकाणी लोकर विकून कातरणीची मजुरी सुद्धा निघत नाही. कातरायला तर लागतंच, नाहीतर उन्हाळ्यात जनावराला त्रास होतो, गोचीड-पिसवा होतात. मग कातरलेली लोकर बांधाच्या कडेला बोराटीत टाकून वाडा पुढे जातो. मी स्वतः बघितलंय हे आणि ते बघून जीव तुटतो.

आता 'दख्खनी' या शब्दाकडे येतो, कारण भेट देणारे सगळ्यात जास्त इथेच अडकतात. सरकारी यादीत दख्खनी ही एक नोंदलेली जात आहे, महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा असा मोठा पट्टा. पुस्तकात तिचे चार पोटप्रकार देतात, लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी. ही नावं बघा, एकही जनावराच्या अंगावरून पडलेलं नाही, सगळी गावा-बाजाराची नावं आहेत. वाड्यावर जाऊन 'तुमची मेंढी दख्खनी का?' असं विचारलं तर म्हातारा माणूस नुसता बघत राहतो. त्याच्यासाठी ती 'आमची बकरी' असतात (पश्चिम महाराष्ट्रात मेंढरांनाच बकरी म्हणतात, नवख्याला वाटतं शेळ्यांबद्दल बोलतायत), आणि ओळखायची ती तोंडावरून, कानावरून, अंगावरच्या ठिपक्यावरून. दोनशे बकऱ्यांतली कुणाची आई कोण हे त्याला पाठ असतं. त्यामुळे कागदावरची दख्खनी आणि वाड्यावरची बकरी या दोन वेगळ्या पद्धतीने मोजलेल्या गोष्टी आहेत.

त्यात कागदावरचं मोजमाप पहिल्यापासून मेरिनोची, म्हणजे बारीक लोकरीच्या परदेशी मेंढीची पट्टी लावून केलेलं. धागा जाड, केसाळ, उत्पन्न कमी, म्हणून 'निकृष्ट लोकर' असा शेरा. पण तो जाड धागाच तर घोंगडीला लागतो! पावसात घोंगडीची खोळ करून माणूस दिवसभर रानात उभा राहतो, पाणी वरून निथळून जातं, ते बारीक मऊ लोकरीचं काम नाही. तरी तो शेरा धरून पुढचं सगळं धोरण आलं. १९७० च्या दशकात मेरिनो, डॉर्सेट असे परदेशी नर आणून इथल्या मेंढीशी संकर करायचे प्रयोग झाले. फार्मवर त्यांचे आकडे चांगले आले असतील, पण वाड्याबरोबर रोज दहा-पंधरा किलोमीटर उन्हात चालायचं आणि मिळेल ते खायचं हे त्या रक्ताला जमणं अवघड होतं, आणि निघालेली बारीक पांढरी लोकर आपल्या विणकराच्या उपयोगाची नव्हती. पुढे १९९० च्या दशकात फलटणच्या एका संशोधन संस्थेने वेगळी वाट धरली, सुंदरबनातल्या छोट्याशा गारोल मेंढीतलं जुळी कोकरं देणारं जनुक दख्खनीत आणलं. गंमत म्हणजे अठराव्या शतकाच्या शेवटी बंगालहून ऑस्ट्रेलियाला गेलेल्या मेंढ्यांमधूनच तिकडच्या जुळी देणाऱ्या मेरिनोत ते जनुक गेलं असं मानतात. हा प्रयोग मला तरी जास्त शहाणपणाचा वाटतो कारण त्यात इथल्या जनावराला कमी लेखलेलं नव्हतं.

पण सगळ्यात मोठा बदल कुठल्याच संस्थेने केलेला नाही, तो मेंढपाळांनी स्वतः केला. जत तालुक्यातलं माडग्याळ गाव, तिथली मेंढी उंच, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, पोपटासारखं बाकदार नाक, लांब लोंबते कान, आणि अंगावर लोकर जवळपास नाहीच. कोकरू मात्र भराभर वजन धरतं. लोकर गेली आणि मटणाला भाव आला तसे लोकांनी आपल्या काळ्या मेंढ्यांवर माडग्याळी नर सोडायला सुरुवात केली. २०२० मध्ये तर आटपाडीच्या बाजारात एका माडग्याळी मेंढ्याला ७० लाखांची मागणी आली आणि मालकाने तो दिला नाही, ही बातमी सगळ्यांनी वाचली असेल.

यावरून दोन तट आहेत. एक म्हणतो धनगरांनी पैशासाठी मूळ वाण बुडवलं. दुसरा म्हणतो जात टिकवायची जबाबदारी त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर का? मी दुसऱ्या बाजूचा आहे, उगाच मधला सूर लावत नाही. ज्या लोकरीला कुणी विचारत नाही ती अंगावर वाढवणारं जनावर त्याने कशासाठी सांभाळायचं, पोरांच्या शाळेचा खर्च कोकरू विकूनच निघतो. आणि मेंढपाळ आंधळेपणाने सुद्धा हे करत नाही. जुनी माणसं सांगतात की माडग्याळी रक्त जास्त झालं की चारा जास्त लागतो, पावसात भिजलं की जनावर लवकर कुडकुडतं, लांबच्या चालीला कच खातं. म्हणून शहाणे लोक काळ्या लोकरीच्या मेंढ्या ठेवतात आणि नर तेवढा बदलतात, दोन-चार पिढ्यांनी परत काळा नर आणतात. त्यामुळे आज कुठल्याही वाड्यावर गेलात तर पाठीवर लोकर, पोट उघडं, अंग काळं पण नाक बाकदार अशी जनावरं हमखास दिसणार. ही दख्खनी का? कागदाने नाही. वाड्यावरच्या हिशोबाने ती त्याच काळ्या मेंढीची लेक आहे.

म्हणून 'शुद्ध दख्खनी', 'देशी', 'गावरान' असल्या पाट्यांवरून काही ठरवू नये असं माझं म्हणणं आहे. माडग्याळी पण देशीच आहे, सांगली जिल्ह्यातलीच. तुम्हाला लोकरीसाठी जायचं असेल तर सरळ विचारायचं, कातरता का, कधी कातरता, लोकर काळी निघते का. या तीन प्रश्नांत जे कळतं ते पाटीवर नसतं.

आता या भेटी आल्या कुठून. बारामती भागात २००५ च्या आसपास कृषी पर्यटन सुरू झालं, मग हुरडा पार्ट्या, बैलगाडीची फेरी, चुलीवरचं जेवण हे सगळीकडे पसरलं आणि त्यात दावणीला चार मेंढ्या, दोन शेळ्या मुलांसाठी असं चित्र तयार झालं. २०२० मध्ये राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं, नोंदणी मिळाली, शाळांच्या सहली आल्या. चांगलंच झालं, कोरडवाहू शेतकऱ्याला हातभार लागला. पण नोंदणीला जमीन लागते, किमान एक एकर, म्हणजे सातबारा आला. आता वाड्याचा सातबारा कुठून आणायचा? काही मेंढपाळांची गावाकडे थोडीफार जमीन असते, पण वर्षातले सहा-आठ महिने जनावरं तिथे नसतात, दिवाळी झाली की बरेच वाडे कोकणाकडे नाहीतर नदीकाठाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. म्हणजे जनावर ज्याचं तो या धोरणात बसत नाही, आणि ज्याची जमीन तो बसतो.

प्रत्यक्षात काय होतं ते एका केंद्रावर बघितलं, नाव घेत नाही. मालकाने जानेवारीत वाडा बोलावून रानात मेंढरं बसवली होती. खत त्याला मिळालंच, शिवाय माणशी पैसे घेऊन आलेल्या पाहुण्यांना मेंढरं दाखवली, फोटो झाले, एका बाईने वाड्यावरच्या आजींना ओवी म्हणायला लावली. वाड्याला मिळालं फक्त मेंढरं बसवल्याचं ठरलेलं भाडं. आजींच्या हातावर कुणी दहा रुपये सुद्धा ठेवले नाहीत. मालक वाईट माणूस नव्हता, त्याच्या डोक्यातच आलं नाही की यात वाड्याचा वाटा असायला हवा. नियमातच वाडा नसेल तर डोक्यात तरी कसा येणार.

माळांचं पण तसंच. सोलापूर-नगर भागातलं माळढोकचं अभयारण्य १९७९ मध्ये झालं तेव्हा ते ८४९६ चौरस किलोमीटर होतं, २०१२ मध्ये कमी करून १२२२ केलं, आणि या सगळ्या काळात मेंढरं गवताचं नुकसान करतात असंच बोललं गेलं. अलीकडे इंदापूर-बारामतीकडे गवताळ माळांची सफारी सुरू झालीय, लोक लांडगा आणि चिंकारा बघायला पैसे भरून जातात. तो लांडगा पिढ्यानपिढ्या याच मेंढरांच्या मागे फिरत आलाय, पण सफारीच्या जीपमधून वाडा लांबूनच बघायचा.

तरी गेल्या काही वर्षांत थोडं हलतंय. वाड्याचं सामान वाहणारं तट्टू, भीमथडी, त्याला नुकतीच स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली, म्हणजे निदान घोड्याच्या निमित्ताने वाडा कागदावर आला. काही गट मेंढपाळाकडून लोकर बऱ्या भावाने घेऊन नमदे, बसकर, जाजम करून घेतायत. घोंगडी ऑनलाइन हजारांत विकली जाते, आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीच्या यात्रेत ऑक्टोबरमध्ये अजूनही भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या गर्दीत घोंगड्यांची दुकानं लागतात, तिथे हात लावून, वास घेऊन घेता येते. राज्यात २०१९ च्या पशुगणनेत मेंढ्या साधारण २७ लाख भरल्या, म्हणजे जनावर संपलेलं नाही, त्यातल्या काळ्या लोकरीच्या किती हा प्रश्न आहे.

जायचं असेल तर कातरणीच्या वेळी जा, दसरा-दिवाळीच्या आसपास नाहीतर उन्हाळा लागायच्या आत. नक्की दिवस आठवडाभर आधी कुणी सांगू शकत नाही, आदल्या दिवशी फोन करून वाडा कुठे उतरलाय ते विचारायचं. लोकर घेणार असाल तर पोतं आपलं न्या आणि भाव तुम्हीच आधी बोला, कारण समोरचा माणूस फुकट न्या म्हणणार, इतकी वर्षं ती टाकूनच दिलीय त्याने.