पोषणशास्त्र म्हणजे स्वयंपाकाचा कोर्स नव्हे

"स्वयंपाकच शिकायचा, तर विद्यापीठात कशाला?" पोषणशास्त्र घेणाऱ्या मुलामुलींना हे अजूनही ऐकावं लागतं. समज साफ चुकीचा आहे.

अमेरिकेतलं विस्कॉन्सिन विद्यापीठ घ्या. १९०७ साली तिथे कालवडींचे चार गट पाडले. एकाला फक्त मका, दुसऱ्याला गहू, तिसऱ्याला ओट, चौथ्याला तिन्हींचं मिश्रण. दाण्याबरोबर त्याच पिकाचा पाला. रासायनिक तपासणीत चारही खुराक जवळपास सारखे. तरी मक्यावरच्या गायींची वासरं धडधाकट निघाली, गव्हावरच्यांची अशक्त, जगलीच नाहीत. मग फरक कशाचा? या प्रश्नापायीच तिथले रसायनशास्त्रज्ञ एल्मर मॅकॉलम उंदरांवरच्या प्रयोगांकडे वळले आणि १९१३ मध्ये मार्गरीट डेव्हिस यांच्यासोबत लोण्यातलं अ जीवनसत्त्व उजेडात आणलं.

म्हणूनच या पदवीत जैवरसायन, शरीरक्रियाशास्त्र आणि संख्याशास्त्र कसून शिकवतात.