गुलाल उधळला की व्हिडिओ का फुटतो?

लग्नसराई आली की जळगाव-धुळ्याकडे नव्या अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ धडाधड यूट्यूबवर चढतात. नाचणाऱ्यांचे चेहरे, लुगड्याचे काठ, मागचं शेत सगळं लख्ख दिसतं. पण गुलाल उधळला की चित्राचे चौकोन पडतात. लोक कॅमेऱ्याला नावं ठेवतात. कॅमेरा बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो.

आधी हिशेब. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके. प्रत्येकाला तीन बाइट आणि सेकंदाला २५ चित्रं धरली, तर सेकंदाला साडेपंधरा कोटी बाइट होतात. चार मिनिटांचं गाणं ३७ जीबीचं! यूट्यूब मात्र अशा अपलोडसाठी ८ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला जेमतेम १० लाख बाइट पुरे म्हणतं. बाकीचे गेले कुठे?

थोडे रंगात वाचतात. आपला डोळा उजेडातले फरक चटकन टिपतो, रंगातले तितकेसे नाही. म्हणून रंगाची नोंद चार ठिपक्यांत मिळून एकदाच ठेवतात. खरी कमाल पुढे आहे. २००३ मध्ये आलेल्या एच.२६४ या व्हिडिओ आवळण्याच्या पद्धतीत चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. फुल एचडीत ते ८,१६० भरतात. एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ आवळणारा प्रोग्रॅम, प्रत्येक चौकोनासाठी आधीच्या चित्रांत जुळणारा तुकडा शोधतो आणि फक्त लिहून ठेवतो, 'तोच तुकडा, चार ठिपके डावीकडे.' रावेरच्या केळीबागेवरून ड्रोन सरळ जात असेल, तर अख्खी बाग अशा सरकवण्यांतच उतरते. वारा सुटून पानं फडफडू लागली की काम वाढतं.

जुळवून उरलेला फरक डीसीटी नावाच्या गणिताने लहानमोठ्या लहरींत मोडतात. हे गणित बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी नटराजन आणि राव यांच्यासोबत १९७४ मध्ये मांडलं. मग प्रत्येक लहरीच्या आकड्याला एका पायरीने भागून पूर्णांकात आणतात. बारीक लहरींचे आकडे बहुधा शून्य होतात आणि शून्यं लिहायला जागा जवळपास लागतच नाही. आता गुलाल. आधीच्या चित्रात त्याचा पत्ता नाही, प्रत्येक कण स्वतंत्र दिशेने पळतो, जुळणारा तुकडा सापडत नाही. बाइट तर ठरलेलेच. मग एन्कोडर पायरी मोठी करतो, लहरी शून्य होत जातात, आणि चौकोनात उरतो नुसता सरासरी गुलाबी रंग. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांनी उडवलेल्या धुळीचंही हेच होतं.

म्हणून एक्स्पोर्ट करताना ठरावीक बिटरेटऐवजी, म्हणजे सेकंदाला ठरलेल्या बाइटांऐवजी, सीआरएफ हा पर्याय निवडावा. त्यात दर्जा ठरलेला असतो आणि अवघड जागी बाइट आपोआप वाढतात. एक्स२६४ या एच.२६४ च्या एन्कोडरमध्ये न सांगता २३ असतो; आकडा जितका कमी, तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. मी १८ ठेवतो, कारण यूट्यूब आपली फाइल पुन्हा आवळतंच. 'एमओव्ही नको, एमपी४ कर, क्लॅरिटी वाढेल' हा सल्ला सोडून द्या. एमपी४ हा डबा. आत शेवभाजी आहे की भरीत, ते कोडेकवर, म्हणजे एच.२६४ सारख्या आवळण्याच्या पद्धतीवर. २०१८ चा एव्ही१ हा कोडेक आणखी कमी जागेत मावतो, पण एन्कोडिंगला वेळ खातो, अपलोडसाठी एच.२६४ पुरतो.

जुन्या लग्नाची धूसर कॅसेट 'एका क्लिकमध्ये फोर-के' करून देणाऱ्या ॲपच्या जाहिराती हल्ली फार दिसतात. पुसलेला तपशील परत येत नाही, ॲप तो अंदाजाने रंगवतं. आजीच्या चेहऱ्यावर दिसणाऱ्या सुरकुत्या आजीच्याच असतील असं नाही.

आणि एडिटरकडून फाइल व्हॉट्सॲपवरच मागवायची असेल, तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. व्हिडिओ म्हणून आली तर ती वाटेतच पुन्हा आवळली जाते, आणि यूट्यूबला आधीच फुटलेलं चित्र मिळतं.