जुन्या कार्टूनमध्ये पूर्वी कुणालाच काही खटकत नव्हतं, हे खरंय का?

फॉरवर्ड येतो ना, की "टॉम अँड जेरी बघून सगळं जग हसायचं, तेव्हा कुणाला काही खुपत नव्हतं, सोशल मीडिया आला आणि लोक हळवे झाले". आपण ते लहानपणी बघितलेलं असतं म्हणून पटतंही, पण तारखा वेगळंच सांगतात.

त्यात घर सांभाळणारी एक काळी बाई असायची, बहुतेक वेळा फक्त पाय दिसायचे, हातात झाडू. ती 1940 पासून आहे. आणि कष्टकरी काळ्या बायकांचं असं ठोकळेबाज चित्रण अपमानकारक आहे हे काळ्या अमेरिकन लोकांनी त्याच दशकात उघड सांगितलं होतं. 1952 नंतर नव्या भागांत ती दिसतच नाही. पुढे 1960 च्या दशकात टीव्हीसाठी काही भागांत तिच्या जागी गोरी बाई काढली, आवाजही बदलला. दुसऱ्या एका कंपनीची 11 कार्टून्स तर काळ्यांच्या अशाच चित्रणामुळे 1968 मध्येच टीव्हीवरून बाजूला ठेवली गेली, तेव्हा कुठलं आलंय सोशल मीडिया?

स्फोटानंतर चेहरा काळा, ओठ जाड होतात तो गॅगही (ठरलेला विनोद) नुसती काजळी नाहीये. गोरे नट तोंडाला काळं फासून काळ्यांची नक्कल करायचे, त्या 19व्या शतकातल्या अमेरिकन मिन्स्ट्रेल शोमधून तो आलाय, आपल्याकडे हा संदर्भच नव्हता म्हणून तो लक्षात आला नाही.

स्वतः बघायचं तर एकाच भागाची मूळ आणि टीव्हीची अशा दोन्ही कॉपी शेजारी लावा, बाईचे पाय आणि आवाज तपासा, मग भागाचं साल बघा.